कामवारीची डावी बाजू

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कामांची यादी असते. तीन रकाने : काम, कोणी करायचं, कधीपर्यंत. गॅसची नळी बदलणे, मी, या आठवड्यात. आईंच्या गुडघ्याचं औषध, मी, दहा तारखेच्या आत. त्या वर्षी सतराव्या ओळीत मी लिहिलं होतं : जहाज पूर्ण करणे, हे, दिवाळीपर्यंत. एका सकाळी बघते तर 'दिवाळीपर्यंत' खोडून नवऱ्याने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'डोळे आहेत तोपर्यंत'.

मी ती ओळ तशीच ठेवली. तातडीच्या कामाला देते तसं पुढे एक लाल टिंब दिलं.

डोळ्यांचं आधी सांगते. नवऱ्याने एकतीस वर्षं भिवंडीत जेकार्डच्या कापडाची डिझाइनं काढली. कापडातच विणून येणाऱ्या वेली, कोयऱ्या, फुलं. त्यासाठी चौकोनांचा एक खास कागद असतो. त्यावर एकेक चौकोन पेन्सिलीने भरायचा. उभी रांग म्हणजे उभा धागा, आडवी ओळ म्हणजे आडवा धागा. पुढे सगळं संगणकावर गेलं, तरी त्याचे सेठ म्हणायचे, "मास्टर, पहले कागज पे दिखाओ. कंप्यूटर भागा नहीं जा रहा." मग काचबिंदू निघाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी पडद्यावरचे ठिपके मोजायला लावून सांगितलं, की नजर कडेकडेने जाते, मधली राहते. गेलेली परत येत नाही. थेंब वेळेवर घालायचे आणि उरलेली जपायची. नवऱ्याची डावीकडची कड जास्त गेली होती.

थेंबांचं वेळापत्रक मी त्याच दिवशी केलं. नोकरीचं त्याने स्वतःच ठरवलं. "कागदावरची एक चूक कापडात हजार मीटर जाते," म्हणाला आणि सेठना भेटून आला. घरी आल्यावर चपला काढता काढता मला सांगितलं, "जहाज मात्र मीच काढणार. माझ्या हाताने. त्याला कोणी बोट लावायचं नाही."

"मी कशाला लावतेय?" मी म्हणाले.

जहाज म्हणजे खरं नव्हे. मोबाइलवर चाळीसेक माणसांचा एक गट आहे. कोणी निवृत्त इंजिनिअर, कोणी शाळेत इतिहास शिकवणारे, एक जण रत्नागिरीकडे बर्फाचा कारखाना चालवतात. त्यांनी एक वेगळाच इतिहास मांडला आहे. त्यात मराठ्यांचं आरमार कधी बुडालंच नाही. कल्याण-भिवंडीच्या खाडीतले जहाजांचे कारखाने बंद पडले नाहीत. शिडाची गलबतं गेली, वाफेची आली, मग लोखंडाची. आता त्यांच्या इतिहासात पोलादी युद्धनौकांचा काळ चालू होता आणि आरमाराला विनाशिका हव्या होत्या. विनाशिका म्हणजे लहान, चपळ लढाऊ जहाज. मोठ्या जहाजांच्या आजूबाजूला राहून पाणबुड्यांना हुसकावणारं. गटाचे नियम कडक. नुसतं झोकदार चित्र चालत नाही. पोलाद कुठून आलं, इंधन कुठून येणार, खलाशी किती, पाण्याखाली किती फूट बसणार, सगळं द्यायचं. आणि वजनांची यादी द्यायची. गटाचे प्रमुख त्यावरून हिशोब करून सांगतात, जहाज पाण्यावर सरळ उभं राहील की नाही. गटात कोणी खरं नाव वापरत नाही; प्रमुखांना सगळे सरखेल म्हणतात.

विनाशिकांना नद्यांची नावं द्यायची होती. गोदावरी, कृष्णा, भीमा पहिल्याच दिवशी संपल्या. नवऱ्याने कामवारी घेतली. भिवंडीतून जाणाऱ्या आमच्या कामवारीला आज नदी म्हणायला धीर लागतो. "त्या इतिहासात ती स्वच्छ आहे," तो म्हणाला. "तळ दिसतो."

हे काम त्याने डोळ्यांचं निघण्याआधी वर्षभर सुरू केलं होतं. जहाजाची बाह्यरेषा तेव्हाचीच, एकही चौकोन इकडचा तिकडे नसलेली. त्याच्या आजोबांचा पडाव होता, कौलं आणि मीठ घेऊन खाडीतून जाणारा. त्यामुळे खाडी किती उथळ आहे हे घरातच माहीत. उधाणाच्या भरतीलाच कामवारी बाहेर पडू शकेल, अशी त्याने ती बेताची खोल ठेवली. गटाला ते फार आवडलं होतं.

वजनांची यादी माझ्याकडे आली, कारण माझं कामच ते आहे. मी वडप्याला एका गोदामात माल रवाना करते. कुठल्या ट्रकमध्ये काय, जड खाली, हलकं वर, आधी उतरवायचं ते दाराशी. नवरा डेकचा नकाशा काढायचा, म्हणजे जहाज वरून पाहिल्यावर दिसेल तसं, टोक वरच्या बाजूला. कागदाला कागद चिकटवून तो अर्ध्या भिंतीएवढा झाला होता. रविवारी सकाळी मी तो पलंगावर पसरून एकेक वस्तू मोजायची आणि वहीत उतरवायची. तोफ, तिचा पाया, पाणतिरांच्या म्हणजे टॉर्पेडोच्या नळ्या, धुरांडी, होड्या, तोफगोळ्यांच्या पेट्या, नांगराचा रहाट. प्रत्येकाचं वजन, मधल्या रेषेपासून किती दूर, कुठल्या बाजूला.

एका रविवारी सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "कवरी मोठी होडी रं ही? मानसा किती बसतान?"

"शंभरच्या वर, आई," नवरा म्हणाला.

"न् गोडं पानी कुठं हाय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. यादीत एकशे बारा वस्तू होत्या. पिण्याचं पाणी नव्हतं.

"खाऱ्या पान्यात जातान न् प्यायचा पानी न्हाय?" आई खुर्चीवर टेकल्या. "तहानेनंच मरतान रं ती. तोफ कशाला पायजे मंग?"

नवरा इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग त्याने नीट जागा काढून तळाशी पाण्याच्या टाक्या बसवल्या. तो आमचा चांगला रविवार होता.

गणपतीनंतर नकाशा आणि यादी गटाकडे गेली. चार दिवसांनी सरखेलांचा निरोप आला. मी गोदामात होते, नवऱ्याने तो मला पुढे पाठवला. 'काम देखणं आहे. पण तुमची कामवारी उजवीकडे कलते. थोडीथोडकी नाही. वजनं तपासा.'

नवऱ्याचा फोन आला. "तुझी बेरीज चुकली असणार."

"माझी बेरीज?"

"मग काय जहाज आपोआप कललं?"

बेरीज चुकली नव्हती. मी ती तीन वेळा केली. मग संध्याकाळी, तो देवळात गेलेला असताना, नकाशा पुन्हा पसरला. आणि तेव्हा दिसलं. डावीकडची कड कोरी होती. उजव्या बाजूला होडी होती, डावीकडे नव्हती. रहाटाचा उजवा अर्धा भाग होता, डावा नव्हता. त्याच्या कच्च्या टिपणात डाव्या तोफेजवळ गोळ्यांची एक पेटी आडवी ठेवलेली होती. नकाशात तिच्या जागी नुसते पांढरे चौकोन. टिपणं जुनी होती. नकाशाचा आतला भाग गेल्या सहा-सात महिन्यांतला.

मी हे आधी का पाहिलं नाही? कारण मी आहे तो माल मोजते. नाही त्याचं वजन मांडायची मला सवय नाही.

तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी तो डॉक्टरांना म्हणाला होता, "अजून काम करतो मी. कागद सगळा दिसतो." डॉक्टरांनी नुसते थेंब लिहून दिले होते. मला वाटलं, हे मी गुपचूप भरून टाकते. जहाज सरळ होईल, सरखेल पसंत करतील, त्याने आपल्या हाताने पुरं केलं असंच राहील. कोणाचं काय बिघडलं?

पुढच्या गुरुवारी तो आईंना घेऊन वज्रेश्वरीला गेला. तिथल्या गरम पाण्याने त्यांचे गुडघे मोकळे होतात. सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळी येणार होते. मी गोदामातून सुट्टी घेतली. त्याची पेन्सिल घेतली, त्याच्यासारखी तासली. होडी उजवीकडून बघून डावीकडे उतरवली. रहाट पुरा केला. राहिली आडवी पेटी. उजवीकडची पेटी उभी होती, मी चौकोन मोजले : उभे दहा, आडवे चार. म्हणून डावीकडे आडवी काढताना आडवे दहा, उभे चार. सगळं दोन वेळा तपासलं. मग यादीत तीन ओळी वाढवल्या. ते दोघं ओल्या केसांनी, हातात भाजक्या शेंगांची पुडी घेऊन आले तेव्हा माझी चपाती तव्यावर होती.

"बेरजेत खरंच चूक होती," मी म्हणाले. "काही ओळी सुटल्या होत्या. मी घातल्या."

"बघ. मी म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की मला तेवढ्यापुरतं बरंच वाटलं.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. डिझाइन काढणारे लोक काम पुरं झालं की शेवटी एकदा कागद उलटा करतात. खालचं वर, डावीकडचं उजवीकडे. सरळ कागदावर डोळा सरावलेला असतो, त्याला चूक दिसत नाही. उलटा केला की फूल फूल राहत नाही, नुसते चौकोन उरतात आणि चुकलेला चौकोन लगेच टोचतो. हे अगदी शेवटी करायचं, मध्ये नाही. एकतीस वर्षं तो हे कारखान्यात करत आला होता. घरी कधी केलं नव्हतं, पहिल्यांदा पाठवतानाही नाही; पण आता काम एकदा परत आलं होतं.

गटाकडे पुन्हा पाठवायच्या आधी, शनिवारी दुपारी, त्याने कामवारी उलटी केली.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून बाहेर आले. तो पलंगाशी वाकून उभा होता. जहाजाची डावी बाजू आता त्याच्या उजव्या हाताला आली होती, त्याच्या चांगल्या नजरेत.

"ही पेटी कोणी काढली?"

"कुठली?"

"कुठली म्हणून विचारू नकोस."

"मी."

"कधी?"

"तुम्ही वज्रेश्वरीला गेला होता तेव्हा."

"होडी पण?"

"होडी पण. आणि रहाट."

त्याने कडेवरून बोट फिरवलं, टोकापासून मागपर्यंत. "म्हणजे इथे काहीच नव्हतं."

मी हातातली घडी खाली ठेवली.

"मला वाटत होतं काढलंय," तो म्हणाला. "शपथ सांगतो, मला होडी काढल्याचं आठवतंय."

"अहो, एवढंसं तर होतं..."

"एवढंसं? जहाज कललं! आणि तू मला सांगतेस बेरीज चुकली?" त्याचा आवाज चढला. "तुझ्या गोदामात ट्रक अर्धा रिकामा निघाला तर तू गुपचूप दुसरा माल भरतेस का गं? की मालकाला सांगतेस?"

"सांगते."

"मग मी कोण आहे?"

मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता नाही वाटत?" आणि मग, रागातच, त्याने पेटीवर बोट आपटलं. "आणि घुसवलीस तर नीट तरी घुसवायची! हा कागद आठ-दहाचा आहे. एका मोठ्या घरात आडवे आठ चौकोन, उभे दहा. चौकोन चौरस नाहीतच, बसके आहेत. उभे दहा म्हणजे दहा फूट, आडवे आठ म्हणजेही दहा फूट. उभं फूल आडवं केलं की चौकोन बदलतात. तू पेटी अडीच फुटांनी जास्त लांब केलीस. सव्वीस वर्षं डिझायनरच्या घरात आहेस!"

मी खरंच तो कागद कधी नीट पाहिला नव्हता. मला चौकोन म्हणजे चौकोन.

त्याने नकाशाची गुंडाळी केली, रबर लावला आणि कपाटावर ठेवली. पुढचे आठ दिवस ती तिथेच होती. तो थेंब घालून घ्यायचा, जेवायचा, खिडकीशी बसायचा. माझ्याशी बोलायचा ते कामापुरतं. दारामागच्या यादीत सतरावी ओळ तशीच होती आणि मला तिकडे बघवत नव्हतं. मी दुसरा कागद लावायला घेतला, पण ती ओळ उतरवायची की नाही हे ठरेना, म्हणून जुनाच ठेवला.

आईंनी चौथ्या दिवशी विचारलं, "काय गं बाय, होडी बुडाली काय?"

"माझ्यामुळे, आई."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुला दिसला ना, त्याला दिसत न्हाय त्या? मंग सांगायचा. आंधल्यासारखा नको वागवू माज्या पोराला. अजून आंधला न्हाय तो."

त्या संध्याकाळी मी चहा-बिस्किटं घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगायचं ते सांगितलं. यादी करून नाही, जसं आलं तसं. की मी घाबरले होते. की कोरी कड मी भरली ती बरीचशी माझ्यासाठीच. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "यापुढे डावीकडे मला काय दिसत नाही ते सांगायचं. दरवेळी. चहा पिताना ताटलीत बिस्किट असलं तरी."

"सांगेन."

"सांग मग."

"डावीकडे ताटलीत बिस्किट आहे."

त्याने मान वळवून पाहिलं. होतं.

पुढच्या रविवारी त्याने नकाशा खाली काढला. माझी पेटी, माझी होडी, माझा रहाट खोडरबराने पुसले, कागद न चुरगळता. मग जहाज उलटं ठेवलं आणि डावी बाजू उजवीसारखी समोर घेऊन स्वतः काढली. उलटी होडी, उलटा रहाट. तीन रविवार लागले. मी पेन्सिलींना टोक करून दिलं, दुसरं काही नाही. सरखेलांचा निरोप दोन दिवसांत आला : 'आता सरळ. नकाशा मंजूर. बाजूने दिसणारं चित्र पाठवा, म्हणजे कामवारी आरमारात दाखल.'

बाजूचं चित्र चार कागदांचं. दोन कागद त्याने दिवाळीपर्यंत केले. जानेवारीत पुन्हा डॉक्टरांकडे ठिपके मोजले. थेंब वेळेवर घालूनही थोडी आणखी गेली होती. परत येताना रिक्षात त्याने नुसत्या दुकानांच्या पाट्या वाचल्या. पडघ्याहून माझा भाऊ भेटायला आला, त्याच्याशी मात्र क्रिकेटवर तासभर बोलला.

तिसऱ्या कागदाला एक ओळ भरायला त्याला अर्धी सकाळ लागायची. शेजारची ओळ मधेच घुसायची. पट्टी लावून, बोट लावून तो परत परत मोजायचा. मी म्हटल्याप्रमाणे सांगत होते, "डावीकडे दोन सुटले." "डावीकडे एक." एका रविवारी मी अकरा वेळा सांगितलं. अकराव्या वेळेला त्याने पेन्सिल पट्टीवर आडवी ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"इकडे बस," तो म्हणाला.

"कुठे?"

"माझ्या जागेवर."

मी बसले नाही. "तुमच्या हाताने पुरं करायचं ठरलं होतं."

"मीच ठरवलं होतं ना? मग मीच बदलतो." त्याने मला खांद्याला धरून बसवलं. "आमच्याकडे पूर्वी मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची असली की दोघं बसायचे. एक डिझाइन वाचणार, दुसरा भोकं पाडणार. पाडणारा वर बघतच नाही. ऐकलेलं परत म्हणतो, की चूक होत नाही. सोड म्हणजे कोरा, भर म्हणजे भरायचा."

"पण वाचायला समोर चित्र कुठे आहे?"

"चित्र कशाला? दोन वर्षं डोक्यातच आहे." तो खिडकीकडे तोंड करून बसला. "मागचं धुरांडं. खालून पहिली ओळ. सहा सोड, सात भर."

"सहा सोड, सात भर."

"दुसरी. सहा सोड, सात भर."

"सहा सोड, सात भर."

उरलेल्या दोन कागदांसाठी असे आम्ही पाच रविवार बसलो. गोळ्यांची एक पेटी आली तेव्हा मी विचारलं, "आडवी आहे?" आणि त्याने सांगायच्या आत आठ मोजले. पुढची ओळ सांगताना त्याचा आवाज हसरा होता. एकदा मध्येच म्हणाला, "दाबू नकोस एवढी पेन्सिल."

"तुम्हाला काय दिसतंय तिकडून?"

"ऐकू येतंय. घासतेय ती. अलगद."

आई आतून विचारत, "आलं का बंदर?" त्यावर तो ओरडून उत्तर द्यायचा, "अजून न्हाय गं आये!"

शेवटच्या रविवारी, अकराच्या सुमाराला, पुढच्या धुरांड्याची वरची कड आली. मी भरली. त्याने कागद मागितला, डोळ्यांपुढे धरला आणि मधल्या नजरेतून हळूहळू सरकवत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. कागद त्याने परत माझ्यासमोर ठेवला.

"धुरांड्याच्या वर काय आहे?"

"काही नाही. कोरं."

"धूर काढ."

"किती सोडू?"

"ते मी सांगणार नाही."

"अहो, असं कसं? सरखेल म्हणतील..."

"म्हणू देत. जहाज माझं, धूर तुझा." त्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "तुला वारा कुठून येतोय असं वाटतं, ते बघ, आणि काढ."

मी खिडकीबाहेर वाळणारे कपडे कुठे उडतात ते पाहिलं. मग धुरांड्याच्या तोंडाशी पहिला चौकोन भरला, त्याच्या जरा मागे दुसरा. तो ऐकत होता.